रस्त्याकडची भिंत

ती घटना विसरून जाण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही. ती आजही आठवते, आणि आठवली की आरोपीच्या आधी मला तपास अधिकारीच दिसते. त्रेपन्न वर्षांची, नुकतेच खांद्यावर दोन स्टार लागलेली, बूट चकाकवून जीपमधून उतरणारी आणि उतरता उतरताच ओरडायला सुरुवात करणारी एक बाई. ती मी. शिपाई म्हणून खात्यात लागले, हवालदार झाले, ज्येष्ठतेनं सरकत सरकत फौजदार झाले तेव्हा पन्नाशी उलटली होती. त्या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात. मला मात्र विशीतल्या पोरीचा जोर चढला होता. घरी दोन नाती झाल्या होत्या, त्या मला मुळीच घाबरत नव्हत्या. म्हणून धाक दाखवायची सगळी हौस मी ठाण्याच्या हद्दीवर भागवून घेत होते.

आमची हद्द बोईसरच्या कारखान्यांपासून समुद्रापर्यंत. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी वाचायची, आलेले अर्ज वाटून द्यायचे, नाक्यावर आडवा झालेला टँकर बाजूला काढायला माणसं पाठवायची. सालवडच्या चाळींतली भांडणं हिंदीत यायची, किनाऱ्यावरची आपल्या बोलीत. डोंगराकडची माणसं भांडायला ठाण्यात येतच नसत. आली तर कोणीतरी आणलेली असत. त्या काळात तलासरी-डहाणूकडे जमीन सारखी हलत होती. आमच्याकडे धक्का यायचा तो पातळ होऊन. भांडी वाजायची, पंखा झुलायचा, आणि ठाण्यातला फोन खणखणायचा, "मॅडम, हलतंय!" जणू मी शिट्टी वाजवली की थांबणार.

अशाच एका सकाळी बोईसर नाक्यावरचा एक मिस्त्री ठाण्यात आला. जुना माणूस. निम्मं बोईसर आपल्या हातचं आहे असं सांगायचा, आणि उरलेलं निम्मं कसं चुकलंय तेही सांगायचा. खुर्ची पुढं ओढून त्यानं आवाज खाली आणला.

"मॅडम, नवापूरच्या पुढं बायांच्या गटाची सुक्या मासळीची खोली चाललीय. भिंती छातीवर आल्यात. पण आत सिमेंट नाय."

"कमी आहे?"

"कमी नाय. नाहीच. डोंगराकडचा एक गवंडी आणलाय. नुसत्या विटेवर वीट ठेवतो. सिमेंट कुठं गेलं ते तुमी शोधा."

खबर देणाऱ्याला त्या खबरीतून काय मिळणार, हा पहिला प्रश्न विचारायचा असतो. नव्या शिपायांना मी तो शिकवत असे. स्वतः विचारला नाही. बायांनी आधी काम या मिस्त्रीला सांगितलं होतं आणि मग गवंड्याला दिलं, एवढं दोन मिनिटांत कळलं असतं. पण मला जीप काढायची घाई.

हवालदाराला घेऊन मी निघाले. हा हवालदार माझ्याबरोबर वीस वर्षं होता. कमी बोलायचा, काही पटलं नाही की खोकायचा. रस्ताभर खोकत होता. मला वाटलं, धूळ आहे.

खोली रस्त्याला लागूनच होती. मागे वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या मांडवावर, बोंबील लटकलेले, खाली जाळ्यावर जवळा पसरलेला, सात-आठ बाया तो हलवत होत्या. गवंडी एकटा काम करत होता. तिशीचा, काटक, अंगात बनियन. त्याच्या हातातली वीट नेहमीची नव्हती. वरच्या बाजूला दोन उंचवटे, खालच्या बाजूला त्याच मापाच्या खाचा, मधून आरपार भोकं. एक वीट दुसरीवर ठेवली की उंचवटा खाचेत बसायचा, मग तो वरून रबरी हातोडीनं टक् करून मारायचा. झालं. थापी नाही, घमेलं नाही.

मी अंबाड्यातली एक पिन काढली आणि दोन विटांच्या सांध्यात घातली. पिन पूर्ण आत गेली. मी ती बाहेर काढून जमलेल्या बायांना दाखवली, जणू खुनातला सुराच सापडलाय.

"सिमेंट कुठंय?"

गवंडी म्हणाला, "लागत नाय, बाई."

"लागत नाही? मग विटा कशावर उभ्या आहेत? एकमेकींच्या ओळखीवर?"

बाया हसल्या. मला हुरूप आला. गवंडी शांतपणे सांगत होता की या विटा चिकटवत नाहीत, बसवतात. कोपऱ्यांतल्या भोकांतून सळ्या वर आल्यात, त्या भोकांत पातळ काँक्रीट ओतणार. सगळ्यात वर चारही भिंतींना धरणारा काँक्रीटचा पट्टा येणार. सिमेंट लागतं ते तिथं. मी ऐकत नव्हते. पुढचं वाक्य जुळवत होते.

गटाची प्रमुख होती साठी ओलांडलेली एक मावशी. नवापूरची, आवाज असा की होडीवरून किनाऱ्याला हाक मारली तर फोन नको. ती पुढं येऊन म्हणाली, "मॅडम, आमी याचं काम डोंगरात जाऊन बघून आलोत. घर बरं हाय त्याचं."

"मावशी, तुम्ही मासळी बघा, चोरी मी बघते," मी म्हटलं. मग जाता जाता बोटानं रस्त्याच्या बाजूची भिंत दाखवून एक वाक्य फेकलं, "उद्या संध्याकाळी मी इथून जाईन तेव्हा मला या भिंतीत सिमेंट दिसलं पाहिजे. नाहीतर तुम्हा सगळ्यांना ठाण्यात बसवीन."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही. दिवसाला अशी दहा वाक्यं मी बोलत असे, घरी आल्यावर एकही आठवत नसे.

गवंड्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. पहिला दिवस बाकावर बसवला, संध्याकाळी सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावला, पुन्हा बसवला. विटा देणाऱ्याला फोन केला, गटाचे कागद मागवले. सिमेंट जितकं आणलं तितकं बायांच्या पडवीत झाकून ठेवलेलं निघालं, पट्ट्यासाठी. चोरी झालेलीच नव्हती. मी तक्रार अर्ज निकाली काढला, गवंड्याला "जा आता, नीट काम कर" असं वर ऐकवलं आणि तिसऱ्या दिवशी बंदोबस्तावर पालघरला गेले. म्हटलं होतं त्या संध्याकाळी त्या रस्त्यानं गेलेच नाही.

महिना झाला असेल. दुपारची वेळ. मी एका जबाबावर सही करत होते. खालून जड ट्रक गेल्यासारखा आवाज आला, टेबल सरकलं, भिंतीवरचं घड्याळ खाली पडलं. ठाण्यातून सर्वांत आधी बाहेर कोण पडलं, हे सांगायची गरज नाही. कोठडीची किल्ली हातात घेऊन मागून चालत आला तो हवालदार; आतल्या दोघांना त्यानं हाताला धरून बाहेर आणलं होतं.

आमच्या मागच्या भिंतीला जिन्याच्या पायऱ्यांसारखा तडा गेला होता. ती बघत असतानाच फोन आला. मासळीच्या खोलीची भिंत पडली. मावशी खाली सापडली.

आम्ही पोचलो तोवर बायांनी विटा बाजूला करून मावशीला रुग्णालयात नेलं होतं. पाय मोडला होता. जीव बचावला, कारण ती भिंतीला अगदी चिकटून नव्हे, पाय पसरून हातभर पुढं बसली होती. खोलीच्या तीन भिंती उभ्या, वर पत्रे तसेच, आणि रस्त्याकडची भिंत जमीनदोस्त.

आता खरं सांगते. मावशीचं वाईट वाटलंच, पण त्याखाली कुठंतरी मला बरं वाटलं. मी म्हटलं नव्हतं? पिन घालून दाखवलं नव्हतं? मी तिथं उभी राहून हवालदाराला मोठ्यानं ऐकवलं, "बिनसिमेंटची भिंत, दुसरं काय होणार!" बाया जवळा हलवायच्या थांबल्या. एकमेकींकडे बघितलं आणि पुन्हा जवळा हलवायला लागल्या. हवालदार खोकला.

निष्काळजीपणानं गंभीर दुखापत, असा गुन्हा होणार होता. तपास माझ्याकडे आला. गवंडी आपल्या पाड्यावर गेला होता, त्याला आणायला आम्ही तलासरीकडच्या डोंगरात निघालो.

पाड्यावर लोक घराबाहेर ताडपत्र्या बांधून राहत होते. विटा-सिमेंटची दोन-तीन नवी घरं होती, त्यांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भेगा निघाल्या होत्या. गवंड्याचं घर शेवटचं, त्याच खाचेच्या विटांचं, त्यानं स्वतः बांधलेलं. तो आणि त्याची बायको आतच राहत होती. शेजारी अजून दोन ठिकाणी विटांच्या थप्प्या लावून ठेवलेल्या, पण काम बंद.

"हे का थांबलं?" मी विचारलं.

गवंड्याची बायको म्हणाली, "किनाऱ्यावरची भिंत पडल्याची खबर आली ना. आता कोणी याला वीट लावू देत नाय. सगळे म्हणतात, पोलीस येतील, मग बघू." मग माझ्याकडे बघून, "आलात."

तिनं कोरा चहा दिला. मी आत पाटावर बसले, टोपी शेजारी ठेवली आणि गवंड्याला "तयार हो" म्हणणार, तोच पुन्हा तो आवाज. घर हललं. विटा एकमेकींवर करकरल्या, माणूस झोपेत दात खातो तशा. माझ्या पुढ्यातल्या भिंतीत दोऱ्याएवढ्या फटी उघडताना मी डोळ्यांनी पाहिल्या. पुढचं पाहिलं नाही, कारण तोवर मी अंगणात होते. पेला हातात, चहा युनिफॉर्मवर, टोपी आत.

गवंड्याची बायको दारात टोपी घेऊन उभी. "बाय, हे इसरलात." मग तोंडाला पदर लावून हसली. तिच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

शेजारच्या सिमेंटच्या घराची जुनी भेग आणखी रुंद झाली होती, कोपऱ्यातून दोन विटांचे तुकडे खाली आले होते. मी परत आत गेले, या वेळी जरा कमी रुबाबात. मघाच्या भिंतीवरून हात फिरवला. फटी मिटल्या होत्या. एक-दोन विटा केसभर पुढं आलेल्या. गवंड्यानं हातोडीनं टक् करून त्या आत बसवल्या.

"हे कसं काय?" महिनाभर उशीर झाला, पण प्रश्न विचारला.

तो भिंतीकडे बघतच बोलला. "सिमेंटची भिंत अडून बसते, बाई. हलायचंच नाय म्हणते. मग जोर आला की तिला फुटावंच लागतं. ही थोडी सरकते, घासते, परत बसते. त्या घासण्यात धक्क्याचा जोर मरतो. खाच हाय म्हणून लांब जात नाय."

"मग ही कधी पडत नाही?"

"पडते की! कोपऱ्याच्या सळ्या नाय, वरचा पट्टा नाय, तर हीबी पडते. मोळी बांधली नाय तर लाकडं डोक्यावर राहतील काय? आणि सिमेंटचीबी पडत नाय, जर चांगल्या मालात केली, पाणी मारलं, पट्टे घातले. पण इथं कोण घालतं?"

"मग किनाऱ्यावरची तुझी भिंत कशी पडली?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "माझी भिंत नाय ती."

"मग कोणाची?"

गप्प. पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं, जीपमध्ये बसवून परत येताना सगळी वाट विचारलं. एवढंच म्हणाला, "पडलेल्या विटा बघा." माझ्या नोकरीत मी पुष्कळ गप्प माणसं पाहिली. काही स्वतःला वाचवायला गप्प असतात, काही दुसऱ्याला. हा कोणत्या जातीचा गप्प आहे ते मला ओळखता येईना. आता कळतं. तो मला घाबरून गप्प होता, आणि थोडं मला लाज वाटू नये म्हणूनही.

त्याला अटक न करता संध्याकाळपर्यंत ठाण्यातच थांबवून घेतलं आणि हवालदाराला घेऊन मी किनाऱ्यावर गेले. पहिल्या पंचनाम्यात मी लिहिलं होतं, "विटांचा ढीग, सुमारे एक भिंत." वाहवा! ढिगातली एकही वीट उलटी करून बघितली नव्हती. या वेळी पंचांसमोर एक एक वीट उचलली. प्रत्येकीच्या पाठीवर वाळलेला माल होता. सिमेंट! बोटाच्या नखानं खरवडलं तर भुसभुशीत रवा पडायचा. त्यात शिंपल्यांचा चुरा. म्हणजे वाळू थेट किनाऱ्यावरची, न धुतलेली, खारी. उंचवटे आणि खाचा त्या मालानं भरून गेलेल्या, त्यामुळे एकही वीट दुसरीत नीट बसलेली नव्हती. दोन्ही कोपऱ्यांतल्या सळ्या मुळापाशी कापलेल्या. उरलेल्या तीन भिंतींत मात्र पिन सरळ आत गेली, आणि वरचा पट्टा तिथं जसाच्या तसा होता.

मी उठून उभी राहिले. डोक्यात दिवे लागले. पडलेली भिंत हीच सिमेंटची! कोणीतरी गवंड्याची भिंत उतरवून, सळ्या कापून, तिथं घाईत खोटं जोडकाम केलं होतं. घातपात! मला आठवतं, मी हा शब्द मोठ्यानं उच्चारला.

"ज्यानं कोणी हे करायला लावलं," मी हवालदाराला म्हटलं, "त्याला मी सोडणार नाही. मग तो कोणी का असेना."

हवालदाराला असा खोकला लागला की त्याला पाणी द्यावं लागलं.

पहिला संशय मिस्त्रीवर. त्याला आणला. पाच मिनिटांत कबूल झाला.

"मीच केलं. बायांनी बोलावलं. एका दिवसात करून द्या म्हणाल्या. एका दिवसात काय होतं, मॅडम? विटा भिजवायला वेळ नाय, पाणी मारायला वेळ नाय. वाळू समोर होती ती घेतली. सळ्या मधे येत होत्या, कापल्या."

"एका दिवसात का?"

"ते बायांना इचारा." आणि टोपी काढून टक्कल पुसायला लागला.

बायांना बोलावलं. चौघी रांगेत बसल्या. चौकशीचा तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

"भिंत का उतरवलीत?"

"वरून सांगणं आलं."

"वरून म्हणजे? सरपंच?"

"त्यांच्या वरून."

"तहसीलदार?"

"तितकं वर नाय."

"मग कोण? नाव सांगा. घाबरू नका, मी आहे."

यावर चौघींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. मी त्यांना धीर दिला. पाणी मागवलं. सरपंच आणि तहसीलदार यांच्या मधे कोण कोण येतं याची मी वहीत यादीच केली. ग्रामसेवक, मंडल अधिकारी, एक माजी सभापती. त्या तिघांनाही मी दोन दिवस छळलं. त्यांनी मला अजून क्षमा केलेली नाही.

शेवटी मावशीचा जबाब राहिला होता. ती रुग्णालयातून घरी आली होती. पाय प्लास्टरमध्ये, खाटेवर बसलेली, मांडीवर सुपात निवडायला घेतलेला जवळा. मी स्टूल ओढून बसले, वही उघडली.

"मावशी, कोणाची भीती बाळगू नका. ती भिंत सिमेंटात बांधायला कोणी सांगितलं?"

मावशीनं जवळ्यातला खडा काढून बाजूला टाकला. "एवढे दिस सगल्यांना इचारत फिरता. आरशाला इचारलं काय?"

"म्हणजे?"

"तूच, बाय."

मी हसले. ती हसली नाही.

"बोट दाखवून बोललीस ना, उद्या या भिंतीत सिमेंट दिसलं पायजे? त्या गवंड्याला तू बाकावर बसवून ठेवला. मग कोणाला बोलवायचं? त्या मिस्त्रीला बोलावला. चारी भिंती करायला येळ नव्हता. मी म्हटलं, जीपमधून दिसते ती तेवढी करा, बाकी मॅडमला काय कळतंय? गवंडी सुटून आला तवा भिंत झालेली. त्यानं कपालाला हात लावला. बाकी तिघींवर पट्टा घातला, हिला म्हणाला मी हात लावत नाय, आणि हिच्या सावलीला बसू नका. दुपारी सावली तिथंच असते, मी बसले. ती माझी चूक. बाकी तुझी."

"मग कोणी बोललं का नाही? मी त्याला तुरुंगात घालायला निघाले होते!"

"तुला कोण बोलणार? तू ऐकतेस?"

हवालदार दारात उभा होता. मी वळून पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम," तो म्हणाला, "मी महिनाभर खोकतोय."

ठाण्यात येऊन मी इन्चार्ज साहेबांना सगळं सांगितलं. भला माणूस. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, कशाला कागदावर आणता? भूकंपानं भिंत पडली असं लिहू. नैसर्गिक आपत्ती. गवंडी सुटेल, तुम्हीही सुटाल."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. साहेबांचा कागद गवंड्याला तुरुंगातून वाचवणार होता, यात शंका नाही. पण भूकंपानं पडली म्हणजे त्याचीच भिंत भूकंपात पडली, असं सारा तालुका समजणार. पाड्यावरच्या त्या विटांच्या थप्प्या तशाच राहणार. लोक एक तर ताडपत्रीखाली राहणार, नाहीतर पुन्हा तशीच फुटणारी घरं बांधणार. आणि हा माणूस आयुष्यभर कोणाच्या तरी हाताखाली घमेली उचलणार, कारण एका बाईला जीपमधून उतरताच ओरडायची सवय होती.

"माझा जबाब घ्या," मी म्हटलं.

तपास माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, आणि जबाब लिहून घ्यायला बसला तो हवालदार. वीस वर्षं मी सांगायची आणि तो लिहायचा. त्या दिवशीही मीच सांगत होते, पण त्यानं एकही प्रश्न सोडला नाही.

"नाव? वय?"

"तुम्हाला माहीत आहे."

"नमुन्यात लिहावं लागतं, मॅडम. वय?"

"त्रेपन्न."

"व्यवसाय?"

"अहो, समोर युनिफॉर्ममध्ये बसलेय!"

"नोकरी, पोलीस," त्यानं सावकाश लिहिलं. "सदर भिंतीबाबत आपणास बांधकामाचं काही ज्ञान होतं काय?"

"नव्हतं."

"असं ज्ञान असलेल्या इसमानं आपणास माहिती दिली होती काय?"

"दिली होती."

"आपण ती ऐकली काय?"

"नाही."

त्यानं कागद माझ्यासमोर सरकवला. वाचून बघा, बरोबर आहे का, असं आम्ही सगळ्यांना म्हणतो, तसं मलाही म्हणाला. बरोबर होतं. मी सही केली. हवालदार एकदाही खोकला नाही.

खात्याकडून मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे, आणि मिळालेल्या दोन बक्षिसांपेक्षा तिच्यातलं मराठी चांगलं आहे. मिस्त्रीलाही समज मिळाली, आणि मावशीच्या दवाखान्याचा खर्च तिच्याशी बोलून मी माझ्या परीनं भागवला. गवंड्यावर गुन्हा दाखल झाला नाही. तो सुटल्याचं सांगायला मी स्वतः पाड्यावर गेले तेव्हा वाटलं, आभार मानेल. त्यानं एकच मागितलं.

"बाई, कागदावर लिहिलंत ते बरं झालं. पण कागद ठाण्यात राहील. तुमी भिंतीत सिमेंट घाला म्हणालात ते सगळ्यांपुढं म्हणालात."

मला कळलं. मी त्याला सांगितलं, पाड्यावर ज्यांची घरं अडलीत त्यांनाही घेऊन किनाऱ्यावर ये.

आठवड्यानं तो पंधरा-वीस माणसं घेऊन आला. त्याआधी दोन दिवस बसून त्यानं ती चौथी भिंत पुन्हा उभी केली होती. विटांवरचा माल खरवडून खाचा साफ करायला बाया होत्या, आणि सुटीच्या दिवशी मीही. माझ्या वाट्याच्या विटा मावशी तिथं आणून ठेवलेल्या खाटेवरून तपासून परत पाठवायची. "ही नाय साफ झाली. परत घास."

आज सहज मागं वळून बघताना वाटतं, गुन्हेगार ओळखायला मला तीस वर्षांच्या नोकरीत बऱ्यापैकी जमलं. पण ज्यांनी काहीच केलं नाही अशी माणसं माझ्यासमोर का गप्प बसतात, ते या प्रकरणापर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं, लोक माझं ऐकतात म्हणजे माझं बरोबर असतं. त्या बायांनी माझं ऐकलं होतं. पटलं नसताना, चांगली भिंत उतरवून ऐकलं होतं. त्यानंतर नोकरीत कोणालाही काही करायला सांगण्याआधी मी त्यालाच विचारायला लागले की असं केलं तर काय होईल. उत्तर यायला वेळ लागतो. माणूस आधी चेहरा बघतो, खरंच विचारतेय का याचा अंदाज घेतो. तेवढा वेळ थांबायला मी त्रेपन्नाव्या वर्षी शिकले, आणि उरलेली पाच वर्षं माझी नोकरी फार सुखात गेली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी जाळ्यांच्या मधे, सुकत्या बोंबलांच्या वासात उभी होते. समोर नवापूरच्या बाया, डोंगराकडची माणसं, मागे आपले हात बांधून उभा गवंडी. मी घसा साफ केला.

"भिंत गवंड्याच्या कामामुळे पडली नाही. त्यानं बांधलेल्या तीन भिंती उभ्या आहेत. जी पडली ती माझ्या हुकमानं उतरवून बांधलेली होती. चूक माझी आहे."

खाटेवरून मावशीनं हाक दिली, "मॅडम, त्या दिवशी वरडलात तेवढ्या आवाजात बोला. मागच्यांना ऐकू नाय आलं."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मागच्यांनाही ऐकू गेलं.